दुखणं रेड्याला, औषध पखालीला : टोमॅटो-मिरचीच्या रोपांचा आढावा

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी सकाळी तासभर नुसतं बसून राहिलं, तरी टोमॅटो-मिरचीच्या दुखण्यांचा निम्मा अभ्यास होतो. जुन्नर तालुक्यातल्या अशाच एका दुकानात बसलो होतो. चाळिशीतले एक शेतकरी मोटरसायकल लावून आत आले. खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मिरचीचा शेंडा काढून त्यांनी काचेवर ठेवला.

“शेंडा आवळतोय. बोकड्या आलाय. काय तरी जोरातलं द्या.”

“लागण कधीची?”

“सोमवारी महिना होईल.”

दुकानदारानं शेंड्याला हातही लावला नाही. मागच्या फळीवरून तीन बाटल्या आल्या : एक फुलकिड्यांची, एक करप्याची आणि एक टॉनिक. पैसे दिले, पिशवी हँडलला अडकली, माणूस गेला. शेंडा काचेवरच राहिला. मी तो उचलून भिंगाखाली धरला. पानांच्या कडा खाली वळलेल्या, पान पालथ्या होडीसारखं, देठ लांबलेले. हे काम फुलकिड्यांचं नव्हे, कोळ्याचं. तिन्ही बाटल्यांत कोळ्यावर चालेल असं काहीच नव्हतं.

आपल्याकडे म्हण आहे, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादायची पाण्याची कातडी पिशवी. आजारी पडतो रेडा, उपचार होतात पिशवीवर. टोमॅटो-मिरचीच्या रोपांचं नेमकं असंच चालतं. दुखणं दिसतं पानावर, असतं मुळात किंवा पाण्यात, आणि जडलेलं असतं महिन्याभरापूर्वी रोपवाटिकेत. एकराच्या शेतकऱ्यापासून ठाण्याच्या गॅलरीत चार कुंड्या सांभाळणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची गफलत एकच. म्हणून हा आढावा रोगांच्या यादीनं न मांडता रोपाच्या वयानं मांडतो आहे.

बी ते रोप

टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली. वांगं आणि बटाटा ही त्यांची भावंडं. दोघंही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आली. विदर्भात टोमॅटोला ‘भेदरं’ म्हणण्याइतका तो घरचा झाला आणि मिरची तर पाहुणी होती हेच आपण विसरलो. घराणं एक असलं तरी स्वभाव वेगळे. टोमॅटो उतावीळ. 25 ते 30 अंश उबेत तो आठवड्याच्या आत मातीतून डोकं काढतो. मिरची सावकाश. तिला आठ-बारा दिवस सहज लागतात आणि डिसेंबरच्या थंडीत त्याहूनही जास्त. पहिली चूक इथेच होते. मिरची उगवत नाही म्हणून माणूस पाणी वाढवतो. बी थंडीनं अडलेलं असतं, त्याला ऊब हवी असते, मिळतो चिखल.

चिखलाचा पाहुणा म्हणजे रोपं कोलमडणं. काल संध्याकाळी दोन पानांवर ताठ उभी असलेली रोपं सकाळी आडवी दिसतात. उचलून पाहिलं तर मातीलगतचं खोड पाणचट आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं, वरची पानं मात्र अजून हिरवी. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरश्यांचं हे काम. वाफ्यात एका ठिकाणी सुरू होऊन ते भाकरीएवढं, मग ताटाएवढं गोल पसरतं. पडलेलं रोप कुठल्याही औषधानं उठत नाही. जे करायचं ते बी टाकण्यापूर्वी : पंधरा सेंटिमीटर उंच गादीवाफा, दाट न फेकता ओळीत पातळ पेरणी, बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि पाणी शक्यतो सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत मातीचं वरचं अंग सुकतं.

प्रोट्रेमुळे, म्हणजे कप्प्यांच्या ट्रेमुळे, हा त्रास खूप कमी झाला, कारण 98 कप्प्यांत प्रत्येक रोपाला आपली खोली मिळते आणि एकाची कुज दुसऱ्याला सहज लागत नाही. पण त्यात भरलेल्या कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या भुशाचे, स्वतःचे नखरे आहेत. त्यात अन्न जवळजवळ नसतं. बियातली शिदोरी संपली की रोप फिकट पडतं आणि नवखा माणूस त्याला रोग समजतो. त्याला हवं असतं हलकं विद्राव्य खत. नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार राहतात, मग पानांच्या कडा जळतात. शिवाय कोकोपीट वरून कोरडं आणि आतून ओलं असू शकतं. बोट खुपसून पाहणाऱ्याचीच रोपं जगतात.

तिसरी तक्रार शहरातली जास्त : रोप लांबलचक, काडीसारखं, वाऱ्याची झुळूक आली की मान टाकणारं. खत कमी पडलं म्हणून लोक खत घालतात आणि ते आणखी लांबतं. रोप उजेडाला हपापलेलं असतं. खिडकीच्या आतला उजेड आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतो, रोपाला तो अंधूकच. व्यापारी रोपवाटिकेतही सावलीच्या जाळीखाली रोपं जास्त दिवस राहिली, ट्रे एकमेकांना चिकटून ठेवले की हेच होतं.

रोप घेणं आणि लावणं

ग्राहक उंच रोप पसंत करतो. रोपवाल्यालाही ते ठाऊक असतं. पण घ्यावं ते वीतभराच्या आतलं, जाड दांड्याचं, फुलावर न आलेलं रोप. ट्रेमधलं टोमॅटोचं रोप साधारण 21 ते 25 दिवसांचं, मिरचीचं 35 ते 40 दिवसांचं. त्यापुढे ते कप्प्यात अडकतं. एक रोप हळूच उपसून पाहावं. पांढरी मुळं कोकोपीटला धरून असतील तर उत्तम. तपकिरी मुळांचा वेटोळा तळाशी फिरला असेल तर ते म्हातारं रोप. रानात गेल्यावरही त्याची मुळं त्याच वेटोळ्यात फिरत बसतात. दोन महिन्यांनी झाड खुंटतं तेव्हा दोष जमिनीला दिला जातो.

जाळीखालून थेट उन्हात गेलेल्या रोपाची पानं दोन दिवसांत कागदासारखी पांढरी पडतात. हा उन्हाचा चटका आहे, करपा नव्हे. लागणीआधी आठवडाभर पाणी थोडं तोडून, रोज थोडं जास्त ऊन दाखवून रोप काटक करावं लागतं.

लावायच्या खोलीत ही दोन भावंडं वेगळी वागतात आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागावर नवी मुळं फुटतात. लांबलेलं रोपही खालची पानं काढून खोल किंवा आडवं लावलं तर चांगलं सावरतं. ही युक्ती साधल्यावर मी पुढच्या वर्षी ढोबळी मिरचीची चोवीस रोपं तशीच गळ्यापर्यंत पुरली. मिरचीच्या खोडाला अशी मुळं सहजी फुटत नाहीत. त्यातच पाऊस लागून राहिला आणि सोळा रोपं मातीलगत सडली. ट्रेमध्ये जेवढी खोल होती तेवढीच मिरची रानात लावावी, हा धडा मला सोळा रोपांना पडला.

लागण करायची ती वाफशावर, ऊन उतरल्यावर. वाफसा म्हणजे जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे अशी अवस्था. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारली तर फुटावा. या लेखातला एकच शब्द लक्षात ठेवायचा झाला तर तो हाच ठेवावा.

मुरडलेलं पान

आता त्या काचेवरच्या शेंड्याकडे येऊ. बोकड्या, चुरडा-मुरडा, आकसा, पर्णगुच्छ अशी नावं गावोगाव वेगळी आणि कारणं किमान पाच. त्यामुळे एकाच नावाखाली पाच वेगळी दुखणी फवारली जातात.

पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं, खालच्या अंगाला चंदेरी-तपकिरी चट्टे दिसले, तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की बारीक रेघोट्या पळताना दिसतात. अलीकडे थ्रिप्स पार्विस्पिनस ही परदेशातून आलेली जात त्यांत मिसळली आहे. 2021 साली आंध्र आणि तेलंगणातल्या मिरचीची तिनं दाणादाण उडवली. ही जात फुलात दडते आणि नेहमीच्या कीटकनाशकांना सहसा दाद देत नाही.

पान खाली वळलं, देठ लांबले, तर कोळी. तो कीटकच नाही. आठ पायांचा, कोळिष्टकवाल्याच्या गोतातला आणि इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. कीटकाचं औषध त्याच्यावर बहुधा वाया जातं. उलट काही कीटकनाशकं त्याला खाणारे मित्रजीवच मारतात आणि कोळी फोफावतो. त्या दिवशीच्या शेतकऱ्यांना चार दिवसांनी शेंडा आणखी आवळलेला दिसला असेल, तर त्यात नवल नाही.

पानं लहान, पिवळसर, शिरा जाड, शेंडा गुच्छासारखा आणि झाड बुटकं राहिलं, तर विषाणू. हा पांढऱ्या माशीतून येतो. विषाणू घेतलेली माशी जन्मभर तो वाटत फिरते. याला औषध नाही. झाड जितकं कोवळं तितकं नुकसान मोठं, म्हणून सगळी लढाई पहिल्या महिन्याची. रोपवाटिकेला बारीक छिद्रांची, 40 ते 50 मेशची जाळी हवी, तिला एकही भोक नको आणि दाराला दुहेरी पडदा हवा. दार उघडं टाकून आत चहा पिणाऱ्याच्या रोपवाटिकेतून माणूस रोपांबरोबर विषाणूही विकत घेतो.

चौथं कारण फार थोड्यांना सुचतं. शेजारच्या उसात तण मारायला टू-फोर-डी फवारलं, वारा इकडचा होता किंवा तोच पंप विसळून टोमॅटोला वापरला. टोमॅटो या रसायनाला कमालीचा हळवा आहे. नवी पानं सुतळीसारखी बारीक होतात, शिरा जवळजवळ समांतर धावतात, शेंडा पीळ खातो. लोक हमखास विषाणू समजतात. ओळख सोपी : विषाणूची झाडं रानात विखुरलेली असतात, तणनाशकाचं नुकसान उसाच्या बांधाकडून सुरू होतं आणि आत जाताना कमी होत जातं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

पाचवं कारण निरुपद्रवी. कडक उन्हात किंवा पाण्याच्या ताणात टोमॅटोची खालची पानं सुरळीसारखी वर वळतात. शेंडा नवा, हिरवा, टवटवीत असेल तर झाड नुसतं अंग चोरतं आहे. हात आवरावा.

हातावरचा विषाणू

पांढरी माशी, मावा, फुलकिडे यांच्यावर आपण लक्ष ठेवतो. आणखी एक वाहक बांधावर बसून तंबाखू मळत असतो. विषाणू नावाच्या गोष्टीचा शोधच तंबाखूच्या पानावरच्या ठिपक्यांतून लागला : 1892 मध्ये रशियात इव्हानोव्हस्की आणि 1898 मध्ये हॉलंडमध्ये बायरिंक. तोच तंबाखूचा मोझॅक टोमॅटो आणि मिरचीलाही लागतो. वाळलेल्या, डबीत भरलेल्या तंबाखूतही तो वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतो आणि माशीची वाट न पाहता बोटांवरून पसरतो. चुना-तंबाखू मळून, बार भरून त्याच हातांनी रोपं उपसली, शेंडे खुडले, तारेला बांधणी केली, की ओळीच्या ओळीवर पान हिरवं-पिवळं चितारलेलं दिसतं. साबणानं हात धुणं हे इथे औषध आहे. लागणीच्या दिवशी बांधावर बादली आणि साबण ठेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांना शेजारी हसतात.

माव्याची गोष्ट आणखी निराळी. काकडीच्या नावाचा एक मोझॅक विषाणू मावा काही सेकंदांच्या टोचणीत झाडात सोडतो. फवारलेल्या झाडावर बसलेला मावा मरतो, पण काम उरकून मरतो. 2020 च्या उन्हाळ्यात नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात टोमॅटो एकसारखा पिकेना. लाल, पिवळा, हिरवट असे पट्टे एकाच फळावर. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. बंगळूरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत मुख्यतः हाच काकडीचा मोझॅक आणि जोडीला इतर विषाणू सापडले. टाळेबंदीचे दिवस होते. हा विषाणू माणसाला होतो अशी अफवा उठली आणि फळाबरोबर भावही सडला. झाडांचे हे विषाणू माणसाला होत नाहीत.

उभं झाड मान टाकतं

कोकण-गोव्याच्या आंबट, जांभ्या मातीत हे फार. पानं हिरवीगार असताना झाड दुपारी मान टाकतं, रात्री थोडं सावरतं, तिसऱ्या दिवशी उठत नाही. लोक पाणी वाढवतात. इथे एक प्रयोग करावा. बुंध्याजवळचा चार बोटं लांब तुकडा धारदार सुरीनं कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा लोंबता धरावा. पेला हलवू नये. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या धाग्यासारखी पांढरट धार पाण्यात उतरू लागली, तर ती जिवाणूजन्य मर. तो धागा म्हणजे कोट्यवधी जिवाणू. त्यांनीच झाडाच्या पाण्याच्या नळ्या तुंबवलेल्या असतात. अशा झाडाला वरून पाणी देणं म्हणजे तुंबलेल्या नळावर टाकी चढवणं.

धार आली नाही, खालची पानं आधी पिवळी पडली होती, खोडाच्या आत तपकिरी रेघ दिसली, तर बुरशीची मर. झाड उपटल्यावर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी. आणि मूळ तपकिरी, बोटानं ओढलं की साल निसटून येणारं असेल, तर नुसतं पाणी जास्त झालं आहे. काळ्या, निचरा नसलेल्या रानात पावसाळ्यातल्या निम्म्या ‘मर रोगा’चं उत्तर चर खणण्यात असतं.

फूल, फळ आणि माज

झाड मांडीपर्यंत आलं, पानं काळीभोर, दांडा अंगठ्याएवढा आणि फूल नाही. खेड्यात याला नेमका शब्द आहे : झाड माजलं. नत्र जास्त झालं. शहरातल्या गच्चीवर शेणखत, गांडूळखत, पेंड आणि वर युरिया असा सगळा प्रसाद एका कुंडीला मिळतो, तिथे हे हटकून होतं.

फूल येऊन गळत असेल तर आधी पंचांग पाहावं, म्हणजे महिना. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर टोमॅटोचा पराग निकामी होतो. एप्रिल-मेमध्ये फूलगळीची टॉनिकं खपतात. जूनमध्ये पाऊस पडतो, रात्री गार होतात, फळ धरतं आणि श्रेय बाटलीला जातं. बंद गॅलरीत कारण वेगळं. टोमॅटोचा पराग हादऱ्यानं झडतो. वारा किंवा गुणगुणणारा भुंगा नसेल तर सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या दांडीला टिचक्या माराव्यात.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं बसकं होणं ही सगळ्यात गैरसमजाची तक्रार. हा रोग नाही. फळाला चुना कमी पडला आहे. म्हणून लोक चुना घालतात, अंड्याची टरफलं पुरतात. पण दख्खनच्या बहुतेक काळ्या जमिनी चुनखडीनं भरलेल्या आहेत. चुना झाडात पाण्याबरोबर चढतो आणि पाणी धावतं ते जिथून बाष्प उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे. फळातून बाष्प फारसं उडत नाही, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. चार दिवस रान कोरडं आणि पाचव्या दिवशी तुडुंब, अशी सवय असली की पहिला फटका फळाच्या टोकाला बसतो. गोदाम भरलेलं आहे, गाडी वेळेवर येत नाही. ठिबकनं रोज थोडं पाणी आणि वर आच्छादन, एवढ्यावर पुढची फळं बहुधा नितळ येतात. ताणानंतर मोठा पाऊस झाला की फळ तडकतं, त्यालाही हेच उत्तर.

करपा आणि पोखरणाऱ्या अळ्यांवर थोडक्यात. उशिरा येणारा करपा 1845 च्या आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळामागच्याच बुरशीचा. ढगाळ, गार, दमट हवेत तो चार दिवसांत प्लॉट काळा करतो, तिथे फवारणीला उशीर चालत नाही. आणि 2014 साली महाराष्ट्रात पहिल्यांदा नोंदलेली टूटा ही पानं-फळं पोखरणारी अळी आता कायमची भाडेकरू झाली आहे. कामगंध सापळे आणि पोखरलेली पानं वेळीच खुडणं उपयोगी पडतं.

उपाय कुठवर आलेत

गेल्या काही वर्षांत बदल झाले ते बहुतेक सगळे आधीच्या टप्प्यावरचे आहेत आणि ते बोलके आहे. लागणीनंतर पहिले तीनेक आठवडे रोपांवर पांढरं क्रॉप कव्हर घालणारे प्लॉट आता दिसतात. चंदेरी-काळा मल्चिंग पेपर मावा आणि फुलकिड्यांना बिचकवतो, मक्याच्या कडेच्या ओळी उडत्या किडीला अडवतात, पिवळे-निळे चिकट सापळे कीड आल्याची वर्दी देतात. रानटी टोमॅटोची जनुकं घेतलेल्या जाती आल्या. बंगळूरूच्या त्याच संस्थेचा ‘अर्का रक्षक’ पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिहेरी प्रतिकारासाठी प्रसिद्ध झाला. जिवाणूजन्य मरीच्या मातीत वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम हाही चालणारा मार्ग आहे, फक्त रोप महाग पडतं. यातल्या कशानंही झाड अमर होत नाही. प्रतिकारक जातीतही विषाणू येतो, झाड तो सोसून फळ देतं इतकंच, आणि वांगी-टोमॅटो-मिरची-बटाटा अशी आलटून पालटून एकाच कुळाची लागण केली तर ती जातही हरते.

कमी पडतो तो निदानाचा दुवा. भिंग शंभर-दीडशे रुपयांचं, पेला घरचाच, उपटून पाहायला एक झाड. तरी पहिला फोन दुकानाला जातो, कारण रान पाहायला फुकट येणारा माणूस जवळपास नसतो आणि टोमॅटोचा भाव आठवड्यात उलटा होतो. एक प्लॉट गेला तर वर्ष जातं. त्या घाईत तीन बाटल्या घेणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही.

फक्त त्या म्हणीकडे पुन्हा एकदा पाहावंसं वाटतं. कोलमडलेली रोपं, सडलेली मुळं, काळं पडलेलं बूड, तडकलेलं फळ, ढोबळीची ती माझी सोळा रोपं : या प्रत्येकात पाणी जास्त, कमी किंवा अवेळी होतं. रेड्याला सोडून पखालीला औषध देणारा म्हणीत वेडा ठरतो. टोमॅटो-मिरचीच्या रानात मात्र रेडा बहुतेकदा पखालीपायीच आजारी पडतो. तेव्हा बाटलीचं बूच फिरवण्याआधी मूठभर माती उचलावी, दाबावी आणि टिचकी मारून पाहावी.